भोकं पाडायचे दिवस

पाऊस थांबतो, आठवडाभर आभाळ उगाच रेंगाळतं आणि मग एका सकाळी खाडीकडून येणारा वारा बंद होतो. गॅलरीतल्या ग्रिलला हात लावला तर चटका बसतो. बाकीचे लोक या दिवसांना शरद म्हणत असतील, कोजागिरीचं दूध आणि चांदणं आठवत असतील. आमच्या भाईंदर पूर्वेत या दिवसांत भिंतींना भोकं पडतात. दिवाळीच्या आत पडदे लागले पाहिजेत, नव्या घराला सेफ्टी डोअर बसला पाहिजे, देव्हारा भिंतीवर चढला पाहिजे. सकाळी नऊच्या सुमाराला कुठल्या तरी मजल्यावर पहिली मशीन किंचाळते. तिला समोरच्या बिल्डिंगमधून दुसरी उत्तर देते. मग दुपारपर्यंत सगळी गल्ली त्या आवाजानं सोलून निघते.

परवा वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. मी कणीक मळत होते आणि वर मशीन सुरू झाली. हात आपोआप थांबला. मला आवाजावरून कळतं. मशीन बॅटरीवरची होती. भोक पाडणारा बिट बोथट झालेला होता. आणि चालवणारा माणूस अंगाचा भार टाकत होता. भार टाकू नये. मशीनला तिच्या वेगानं आत जाऊ द्यावं, आपण फक्त सरळ धरावं, हे मी दुकानाच्या काउंटरमागे उभी राहून कितीजणांना सांगितलं असेल, त्याची गणती नाही. मी स्वतः आयुष्यात एकदाच अंगाचा भार टाकला. अशाच एका ऑक्टोबरात.

लालबागची खोली विकून आम्ही गोडदेवला आलो होतो. मुलगी पाचवीत होती. यांची नोकरी फोर्टात. सकाळी साडेसातला बाहेर, परत यायला आठ. दिवस नुसता अंगावर यायचा. नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘बाई पाहिजे’ अशी पाटी दिसली आणि मी विचारायला गेले. शेठ कच्छी, वयस्कर, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. त्यांनी मला फोन घ्यायला आणि बिलं लिहायला ठेवलं. पण त्याच सुमाराला बॅटरीवरच्या ड्रिल मशीन बाजारात दिसायला लागल्या होत्या. प्रत्येक खोक्यात इंग्रजीतलं बारीक अक्षरांचं पुस्तक. शेठना ते वाचायचा कंटाळा. “सुनंदाबेन, तमे वांचो ने,” असं म्हणून ते पुस्तक त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि अशा रीतीनं मी त्या मशीनची जाणकार झाले.

गिऱ्हाईक यायचं आणि माझ्या डोक्यावरून मागे बघायचं. “कोई आदमी नहीं है क्या?” हे वाक्य मी दिवसातून पाच-सहा वेळा ऐकायचे. शेठ आतून ओरडायचे, “उनसे ही पूछो.” मग तो माणूस नाइलाजानं माझ्याकडे वळायचा. मशीन हातात दिली की मात्र बहुतेकांचा चेहरा एकसारखाच बदलायचा. पिस्तुलासारखा घोडा दाबायचा, मशीन कुणावर तरी रोखायची. बरोबर आलेल्या मित्राच्या पोटाला लावून हसायचे. एकानं माझ्या कपाळासमोर धरून फिरवली होती आणि “घाबरली, घाबरली” म्हणून टाळ्या पिटल्या होत्या. मी घाबरले नव्हते. मी बघत होते की त्यानं बिट तिरका बसवलाय आणि बिट धरणारा चक नीट आवळलेला नाही. बिट सुटून त्याच्याच डोळ्यात गेला असता. मी काहीच बोलले नाही. ते न बोलणंही मला अजून आठवतं.

मी प्रत्येकाला आधी एकच विचारायचे, काम कुठलं? पडद्याचे स्क्रू बसवायचे असतील, लाकडात काम असेल, तर बारा व्होल्टची हलकी मशीन पुरते. दिवसभर खांद्यावर हात उचलून काम करायचं तर वजन आधी बघावं, ताकद नंतर. सेफ्टी डोअरच्या चौकटी, जाड पत्रा असं काही असेल तर चौदा पॉइंट चार. आणि बिमात, काँक्रीटमध्ये भोक पाडायचं असेल तर बॅटरीच्या भानगडीत पडूच नका, वायरवाली हॅमर ड्रिल घ्या. मशीनच्या तोंडाशी फिरती कॉलर असते, तिच्यावर आकडे असतात. स्क्रू किती घट्ट झाल्यावर मशीननं आपोआप हात सोडायचा, ते त्या आकड्यांवर ठरतं. लहान आकडा लावला की ती लवकर कडकड वाजून थांबते. शेवटी ड्रिलचं चित्र असतं. तिथे कॉलर नेली की ती कशालाच थांबत नाही.

हरेश आला तो गणपतीनंतर. राईगावचा. तिशीच्या आतला, गळ्यात सोन्याची साखळी, मोबाइल सतत हातात. त्यांच्या शेताच्या एका तुकड्यावर बिल्डिंग उठली होती आणि तिथलीच फिटिंगची कामं त्यानं धरली होती. त्यानं माझ्या डोक्यावरून मागे बघितलं नाही. “ताई, मशीन दाखवा. आमच्या बिल्डिंगला अजून मीटर न्हायत. पब्लिक राहायला आलीय, लाइट न्हाय. बॅटरीवाली पाहिजे.” मी विचारलं त्याची सगळी उत्तरं त्यानं दिली. मी त्याला चौदा पॉइंट चारची काढून दिली, दोन बॅटऱ्यांसकट. एक चालेल तोवर दुसरी चार्ज होते. एकाच बॅटरीवर धंदा होत नाही. त्याला सांगितलं, बॅटरी उतरत आल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. वेग मंदावला की काढा, पण पार मरेपर्यंत घोडा दाबत बसू नका. गरम बॅटरी लगेच चार्जरवर ठेवू नका. तुमच्याकडे खाडीचं वारं आहे, बॅटरीच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतील, कोरड्या फडक्यानं पुसत जा. तो मान डोलवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “ताई, तुम्ही मास्तरीण पाहिजे होत्या.” दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालून दुकानात दाखवायला आला. मला बरं वाटलं. त्या दुकानात कुणीतरी मला विचारून, माझं ऐकून वस्तू नेली आणि तिला हार घातला.

मला तो आवडायचा, हे आज सरळ सांगते. पुढचं समजायला ते लागेल.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. दुपारचे दोन. शेठ जेवायला घरी गेलेले, रस्ता तापून पांढरा पडलेला. हरेश बॅटरी घेऊन आला. म्हणे चार्जच धरत नाही, दहा भोकांत बसते. विचारलं तर कळलं की स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवायचा आणि गरम गरम चार्जरवर लावायचा. मी त्याला रागावले. मशीनमध्ये खोट नाही हे दाखवायला दुकानातली चार्ज केलेली बॅटरी त्याच्या मशीनला लावली, सहा मिलिमीटरचा बिट बसवला, कॉलर ड्रिलच्या चित्रावर नेली आणि घोडा दाबून बघितला. मशीन माझ्या हातात होती. हरेश काउंटरला रेलून उभा होता.

तेवढ्यात पायरीवर एक माणूस आला. पन्नाशीचा, काळा, बुटका, रुंद. हाफ पँट आणि वर बनियन, पायांना वाळलेला चिखल. त्यानं दुकानाकडे बघितलंच नाही. सरळ हरेशजवळ गेला, दोन्ही हात त्याच्या गळ्यावर घातले आणि त्याला काउंटरवर उताणा पाडला.

ओरडाआरडा नाही, शिवी नाही. खिळ्यांचे डबे खाली पडले तेवढाच आवाज. मग तो माणूस अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखा बोलायला लागला. “सही कोनी केली? बोल. सही कोनी केली?” दाबलेल्या गळ्यातून उत्तर कसं येणार? हरेशच्या चपला जमिनीवर घासत होत्या. त्याचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि तो आधी लाल झाला, मग त्याचा रंग मी कधी पाहिला नव्हता असा झाला. डोळे माझ्याकडे. मी ओरडले, “सोडा त्याला! काका, सोडा!” माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. “सही कोनी केली, हरेश?”

शब्द मी ऐकले होते. रोजचं बोलणं ऐकावं इतके स्पष्ट. पण त्यांचा अर्थ त्या वेळी माझ्यात उतरला नाही. मला फक्त दोन हात दिसत होते आणि एक चेहरा. उजव्या हाताचा अंगठा वरच्या बाजूला, हरेशच्या गळ्याच्या घाटीवर रुतलेला.

मी मशीन त्या हातावर टेकवली, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मांसल भागावर, आणि घोडा दाबला. आणि अंगाचा भार टाकला.

लाकूड सुरुवातीला अडतं, मग सोडतं. पत्रा शेवटपर्यंत अडतो आणि एकदम सोडतो. हात यांपैकी कशासारखाच नव्हता. आधी काहीच लागलं नाही, मग काहीतरी बिटाभोवती गुंडाळलं गेलं आणि मशीन माझ्या मनगटात हिसकली. कॉलर ड्रिलच्या चित्रावर होती, त्यामुळे ती थांबली नाही. बोट सोडायचं माझ्या लक्षातच आलं नाही. बिल लिहायच्या वहीवर, माझ्या चष्म्यावर, हरेशच्या पांढऱ्या शर्टावर लाल ठिपके उडाले.

त्या माणसानं हात सोडले. तो किंचाळला नाही. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की मी तिथे उभी आहे हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. त्याच्या नजरेत राग नव्हता. भलत्याच घरात शिरलेल्या माणसासारखा तो गोंधळला होता. मग त्याचा हात माझ्या मशीनला अडकलेला आहे हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. मला उलटी फिरवायची खिटी दाबून बिट बाहेर काढावा लागला. काढताना तो “आई” म्हणाला. तेवढंच, एकदाच.

मला आणखी एक गोष्ट लिहायची आहे. आजवर ती कुणाला सांगितलेली नाही. घोडा दाबला तेव्हा भीती होती, घाई होती, हे खरं. पण त्यांच्या तळाशी एक आनंद होता. अर्ध्या सेकंदाचा असेल. कोई आदमी नहीं है क्या, असं विचारणारे सगळे, कपाळासमोर मशीन फिरवून टाळ्या पिटणारा तो, सगळे त्या एका हातात गोळा झाले होते, आणि मी त्या सगळ्यांना एकदम भोसकत होते. त्या हाताचा मालक कोण आहे, हे मला ठाऊकही नव्हतं.

तो हरेशचा सख्खा थोरला भाऊ होता. काशिनाथ.

हरेशनं घसा चोळत चोळत सगळं मिटवलं. जमलेल्या लोकांना सांगितलं की भाऊ आला, पाय घसरला, चालू मशीनवर हात पडला. शेठ धावत आले, त्यांनीही तेच सांगितलं. पोलिस चौकशीला आले तेव्हा मी खुर्चीत बसून पाणी पीत होते. त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही काय बघितलं?” मी म्हणाले, “गडबड झाली.” दवाखान्यात काशिनाथनंही हेच सांगितलं, “मशीन लागली.” माझं नाव त्यानं घेतलं नाही. का घेतलं नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, घाबरला असेल. त्याची मला थोडी कीवही आली.

घरी यांना मी अर्धंच सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, “तू त्याचा जीव वाचवलास,” म्हणाले. शेजारपाजारी बातमी पोचली तसे लोक मला वेगळ्या नजरेनं बघायला लागले. खालची गुजराती बाई म्हणाली, “आप तो झाँसी की रानी निकली.” दिवाळीच्या आधी हरेश मिठाईचा बॉक्स आणि साडी घेऊन घरी आला, माझ्या पाया पडला. गळ्यावर दोन्ही बाजूंना पिवळ्या-जांभळ्या खुणा होत्या. “ताई, तुम्ही नसता तर भावानं मारला असता मना.” मुलगी दारात उभी राहून कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी साडी घेतली. फराळाचं ताट दिलं. मात्र करंज्या तळताना झारा हातातून सुटायचा. कणकेत बोट खुपसलं की ते मनगटातलं हिसकणं परत यायचं. एका संध्याकाळी मुलीनं रांगोळीचा डबा सांडला, तर मी तिच्यावर हात उगारला. हात वर होता आणि ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला तोच गोंधळ दिसला, दुकानात दिसला होता तो. मी हात खाली घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली, कपाळावर मोठं कुंकू. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तिनं शेठना विचारलं, “मशीनवाली बाय हीच काय?” मी म्हणाले, “हो, बोला, काय पाहिजे?”

तिनं माझ्या थोबाडीत मारली. चष्मा उडून रंगाच्या डब्यांमध्ये पडला.

“काशिनाथची बायको हाय मी,” ती म्हणाली. तिचं नाव जानकी, हे मला मागाहून कळलं. “त्याचा आंगठा हालत न्हाय. आतली दोरी तुटली, डाक्टर बोलला. चाळीस वर्सं त्या हातानं होऱ्या बांधल्यान त्यानं, आख्ख्या खाडीच्या. आता पानी पियाला पेला धरता येत न्हाय. आनि तू कोनाला वाचवलास, ठाव हाय काय? त्या चोराला! बापाची उरलेली शेती, दोघांची. यानं इकायला न्हाय बोललेला. तर त्या हरेशनं याची खोटी सही केली कागदावर. यो होरी घेऊन खाडीत गेलेला, परत येतो त शेतात बुलडोझर! इचारायला आल्ता भावाला. मारायला न्हाय, इचारायला. त तू त्याच्या हाताला भोक पाडलास.”

शेठ मधे पडायला उठले. मी त्यांना हातानं थांबवलं. तिनं दुसऱ्यांदा हात उचलला, आणि मी तोंड फिरवलं नाही. पण तिनं मारलं नाही. तो हात तिनं स्वतःच्याच तोंडावर धरला आणि आवाज न करता रडली. मग पदरानं तोंड पुसून निघून गेली. माझा गाल जळत होता, आणि खरं सांगायचं तर पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला श्वास नीट घेता आला.

त्या संध्याकाळी हरेशला फोन लावला. “सही कोणी केली?” मी विचारलं. “ताई, घरातली मॅटर हाय ती,” तो म्हणाला, “तुम्ही कनाला टेन्शन घेताय?” मी फोन ठेवला. साडी दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसाबरोबर परत पाठवली. ती पोचली का, नेसली कुणी का, मला ठाऊक नाही. हरेश पुन्हा दुकानात आला नाही. त्या शेतावरही बिल्डिंग उभी राहिली, तिला मीटर आले, झाडांच्या कुंड्या आल्या. हरेश मीरा रोडला मोठ्या घरात राहायला गेल्याचं कानावर आलं. कोर्टात काशिनाथनं काही केलं नाही. कुणी म्हणे, भावावर केस घालायची नाही अशी त्याची शपथ होती. कुणी म्हणे, त्याला कागद वाचताच येत नव्हते.

मी राईला जायचं ठरवायचे आणि जायचे नाही. खाडीवरच्या देवळापर्यंत दोनदा जाऊन परत आले. जाऊन काय म्हणायचं? चुकलं? पण समोर एक माणूस गुदमरत असताना मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हा सापडलं नव्हतं आणि आजही सापडलेलं नाही. मग चुकलं म्हणजे नेमकं काय चुकलं? मशीन लावणं की भार टाकणं, की ती बंद न करणं? रात्रंदिवस मी हा हिशोब सोडवायचे. तो आनंद आठवला की सगळी बेरीज मोडायची.

होळीनंतर काशिनाथ स्वतः आला. पायरीच्या खाली रस्त्यावर उभा राहिला, वर आला नाही. उजव्या हाताचा अंगठा तळहाताला चिकटून आत वळलेला होता, झोपलेल्या तान्ह्या मुलासारखा. शेठ त्याला बघून आत गेले. मला वाटलं, आता हा मारणार. मी वाट बघत उभी राहिले.

“डाव्या हातानं चालंल अशी मशीन हाय काय?” त्यानं विचारलं.

मी त्याच्या वळलेल्या अंगठ्याकडेच बघत राहिले. त्याला वाटलं, मला कळलं नाही. त्यानं समजावून सांगितलं. होरीच्या, म्हणजे होडीच्या, फळ्यांना मोठे खिळे मारायच्या आधी भोक पाडावं लागतं. ते तो गिरमिटानं पाडायचा. गिरमिटाला दोन्ही हात लागतात, पिळायला मनगट लागतं. आता तो पीळ देता येत नाही. आणि होऱ्या चिखलात उभ्या असतात, तिथे वायर न्यायला प्लग कुठला? “पोरगी बोलली, बॅटरीवर चालते अशी येते.”

“काका, वर या,” मी म्हणाले. तो वर आला.

मी सगळी खोकी उघडली. दुकानातली एकूण एक मशीन डाव्या हातात धरून बघितली. कुणाची उलटी-सुलटी फिरवायची खिटी डाव्या बोटाला पोचत नव्हती, कुणाचा तोल पुढे झुकत होता. चौदा पॉइंट चारची जड झाली असती. उजव्याचा आधार नसताना मनगट भरून आलं असतं. बारा व्होल्टची एक निघाली, हलकी, बॅटरी मुठीच्या तळाशी, खिटी दोन्हीकडून दाबता येणारी. लाकडाला तेवढी पुरेशी होती. त्यानं हातात घेऊन दोनदा वर-खाली केली. मग इकडे-तिकडे बघितलं.

“चालवून बगाया फळी धरायला लागंल.”

त्याचा एकच हात चालत होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी मागून सागाचा तुकडा आणला, काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी दाबून धरला. बिट मी चारचा लावला होता. सहाच्या डब्याकडे हात गेला नाही.

त्यानं टोक लाकडावर टेकवलं आणि घोडा दाबला. डावा हात सवयीचा नव्हता. बिट गुळगुळीत लाकडावरून सरकला, फरफटत माझ्या अंगठ्याच्या दिशेनं आला. मी हात काढला नाही. धाडस म्हणून नव्हे. तो काढायचा नाही असं काहीतरी माझ्यात आधीच ठरून गेलं होतं. अंगठ्यापासून दोन बोटं अंतरावर तो थांबला. घोडा सोडला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, फक्त माझ्या हाताकडे बघितलं, बराच वेळ. मग खिशातून खिळा काढून लाकडावर बारीक खूण केली, त्या खुणेत टोक बसवलं आणि पुन्हा सुरू केली. या वेळी ती सरळ आत गेली. त्यानं भार टाकला नाही. मला त्याला काही शिकवावं लागलं नाही. लाकडाचा भुसा माझ्या बोटांवर पडत राहिला, ऊन ऊन, गोड वासाचा.

त्यानंतर तो दर दोन-तीन महिन्यांनी यायचा. बॅटरीच्या पट्ट्या खाऱ्या वाऱ्यानं हिरव्या पडायच्या, त्या मी पुसून द्यायचे. हवा यायच्या फटींत भुसा बसायचा, तो ब्रशनं काढून द्यायचे. पावसाळ्यात मशीन बंद असायची, तेव्हा बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करून चालवून उतरवायची, हे त्यानं माझ्यापेक्षा कसोशीनं पाळलं. त्याच्याइतकी नीट ठेवलेली मशीन मी दुसरी पाहिली नाही. आमचं बोलणं फक्त तिच्याबद्दल व्हायचं. “एक बॅटरी जरा मंद वाटते.” “उन्हात ठेवली होती का?” “न्हाय.” “मग वय झालं तिचं.” अशी तीन वर्षं गेली. तो आला की शेठ चहा मागवायचे. तो चहा डाव्या हातानं प्यायचा.

मग त्या कंपनीनं ती बॅटरी बनवणं बंद केलं. नवीन मशीन यायला लागल्या, लिथियमवाल्या, हलक्या. त्याच्या मशीनला बसणारी एखादी शेवटची बॅटरी कुठे मिळाली तर बघावी म्हणून मी मुंबईत लोहार चाळीतल्या दुकानांपर्यंत फोन केले होते, आणि एक मिळाली. तो ती न्यायला आला, तो दिवसही असाच होता, नवरात्र संपलेलं, रस्ता तापलेला, समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी भिंत फोडत होतं. शेठ जेवायला गेले होते. मी बॅटरी कागदात गुंडाळली आणि ती त्याच्या हातात द्यायच्या आधी, तीन वर्षं जिभेवर असलेलं ते एकदाचं विचारलं.

“काका, त्या दिवशी. मी मधे आले नसते, तर तुम्ही त्याला सोडलं असतं का?”

समोरचा आवाज थांबेपर्यंत तो थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाईक म्हणून यायला लागल्यापासून पहिल्यांदाच सरळ. बॅटरी माझ्या हातातून घेतली, बनियनच्या आत पोटाशी ठेवली.

“न्हाय ठाव, बाय,” तो म्हणाला. पायरी उतरला, आणि रस्त्यावरून मागे वळला. “मना पन बगायचा व्हता, मी काय करतो त्ये. तू बगू दिलास न्हाय.”